विसार आजचा, किंमत उद्याची

विसार आणि बयाणा हे दोन शब्द आपल्या मराठीत शेजाऱ्यासारखे राहतात. बयाणा फारसीतून आला. अरबीत 'बैअ' म्हणजे विक्री, त्यावरून फारसीत 'बैआना' झाला आणि आपल्या तोंडी तो बयाणा झाला. अर्थ दोघांचा एकच. थोडे पैसे हातावर ठेवले की सौदा पक्का. चाकणचा बैलबाजार जुना आणि नावाजलेला. तिथे एकदा विसार दिला की पुढच्या आठवड्यात भाव चढला तरी विकणाऱ्याने जास्त मागायचे नाही, अशी रीत. मागितलेच तर चारचौघांत पत जायची.

आज त्याच चाकणच्या परिसरात मोटारींचे कारखाने आहेत. पण मोटारीचा विसार बैलाच्या विसारासारखा राहिलेला नाही. पैसे आज द्यायचे आणि किंमत मात्र गाडी हातात येईल त्या दिवशीची, असा नवा रिवाज पडला आहे. मी कवी माणूस, शिक्षण बी.ए.पर्यंत, कायद्याचा पंडित नाही. पण या औद्योगिक पट्ट्यात आयुष्य काढले, म्हणून हा रिवाज कसा पडला ते सांगावेसे वाटते.

सुरुवात आकुर्डीपासून करू. 1971 मध्ये बजाज ऑटोचा इटलीच्या पियाजिओ कंपनीशी असलेला करार संपला आणि 1972 मध्ये चेतक स्कूटर आली. तो लायसन्स-परमिटचा काळ. किती स्कूटरी बनवायच्या, हे कारखान्याने नव्हे तर सरकारने ठरवायचे. मागणी अफाट, माल थोडा. नंबर लावून लोक आठ-आठ, दहा-दहा वर्षे थांबत. माझ्या लहानपणी पिंपरी-चिंचवडच्या चाळींमध्ये 'नंबर लागला का?' हा प्रश्न 'मुलीचं जमलं का?' इतक्याच आस्थेने विचारला जाई. नंबर लागलेल्याने स्कूटर घेऊन लगेच विकली, तर नव्यापेक्षा जुनीलाच जास्त पैसे येत.

मोटारींचेही तसेच होते. 1969 मध्ये सरकारने मोटारींच्या किमती बांधून दिल्या, तेव्हा कारखानदार सर्वोच्च न्यायालयात गेले. प्रीमियर ऑटोमोबाईल्सचा तो खटला गाजला. 1971 च्या निकालात न्यायालयाने कारखान्याचा खर्च आणि भांडवलावरचा वाजवी परतावा यांचा हिशेब मांडला. यात एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. भांडण सरकार आणि कारखानदार यांचे होते. ज्याने वर्षानुवर्षे नंबर लावून ठेवला होता, तो गिऱ्हाईक त्या भांडणात कुठेच नव्हता.

गिऱ्हाइकाचा आवाज उठला तो आपल्या पुण्यातूनच. 1974 मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी अखिल भारतीय ग्राहक पंचायत स्थापन केली. पुढच्या वर्षी मुंबईत मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. आणि 1986 मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला. साध्या माणसाला वकिलाशिवाय दाद मागता येईल असे दार प्रथमच उघडले.

1991 नंतर परवान्यांचे राज्य सरले. आता माल भरपूर मिळेल आणि रांगा संपतील, असे सगळ्यांना वाटले. रांगा कमी झाल्या, संपल्या नाहीत. 1998 च्या अखेरीस टाटांची इंडिका आली. पिंपरीच्या कारखान्यातली ही गाडी. पहिल्या काही दिवसांतच लाखाच्या वर नोंदणी झाली. मग आली नॅनो. तिचा आराखडाही पिंपरीतल्या अभियंत्यांनीच केलेला. 2009 च्या एप्रिलमध्ये नोंदणी झाली, दोन लाखांवर लोकांनी पैसे भरले, आणि पहिल्या एक लाख गिऱ्हाइकांची निवड सोडत काढून झाली. त्या एक लाख जणांसाठी कंपनीने किंमत कायम ठेवण्याची हमी दिली होती. नॅनोचे पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. पण विसार घेताना किंमत बांधून देता येते, हे त्या गाडीने दाखवून दिले, हे विसरू नये.

तेरा वर्षांनी चाकणला वेगळे चित्र दिसले. महिंद्रांची स्कॉर्पिओ-एन चाकणच्या कारखान्यात तयार होते. 30 जुलै 2022 रोजी नोंदणी उघडली आणि अर्ध्या तासात एक लाख गाड्या नोंदल्या गेल्या. जाहीर झालेली किंमत पहिल्या पंचवीस हजार जणांसाठी. बाकीच्यांना डिलिव्हरीच्या दिवशी जी असेल ती किंमत. कंपनीने हे आधीच सांगितले होते, तेव्हा फसवणूक म्हणता येणार नाही. पण पंचवीस हजारांचा आकडा काही मिनिटांतही टिकला नाही. म्हणजे त्या अर्ध्या तासात पैसे भरणाऱ्या बहुतेकांनी किंमत ठाऊक नसलेली वस्तू नोंदवली. आज जवळपास सगळ्याच कंपन्यांच्या बुकिंग फॉर्मवर हे वाक्य असते.

आमच्या गल्लीत एक निवृत्त शिक्षक राहतात. त्यांनी एका शोरूममध्ये गाडी नोंदवली आणि कित्येक महिने वाट पाहिली. डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी वाढीव रक्कम भरा म्हणून फोन आला. फॉर्म घेऊन ते माझ्याकडे आले. म्हणाले, "भाई, तुम्ही शब्दांचा धंदा करता. मला सांगा, मी विसार दिला की नुसता नंबर लावला?" फॉर्मच्या मागे इंग्रजीत, बारीक अक्षरांत ते वाक्य होते आणि खाली गुरुजींची सही होती. त्यांनी पैसे भरले. प्रश्न मात्र माझ्याकडे राहिला.

मग मी कायदा चाळला. 1930 चा माल विक्री कायदा म्हणतो की किंमत सौद्यातच ठरवता येते, किंवा ती पुढे कशी ठरवायची हे सौद्यात ठरवता येते. म्हणून 'डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत' हे वाक्य मुळातच बेकायदा नाही. पण फॉर्मवर तसे काही नसेल आणि ठरलेली किंमत लिहिलेली असेल, तर विक्रेत्याला आपल्या मर्जीने ती वाढवता येत नाही. कराची गोष्ट निराळी. याच कायद्याच्या 64-अ कलमानुसार, सौदा झाल्यावर कर वाढला तर विक्रेता तेवढी रक्कम वाढवू शकतो आणि कर घटला तर गिऱ्हाईक तेवढी कापून घेऊ शकतो. अट एकच, सौद्यात वेगळे ठरलेले नसावे. तेव्हा वाढीव बिल आले की पहिला प्रश्न विचारायचा: वाढले ते काय, सरकारचा कर की कंपनीची किंमत?

कर घटल्याची उदाहरणेही ताजी आहेत. 2017 मध्ये जीएसटी आला, तेव्हा आधी नोंदवलेल्या आणि नंतर मिळालेल्या एका मोटारीवरून बरेलीला तक्रार झाली. नफेखोरीविरोधी प्राधिकरणाचा 2018 मधला पहिलाच निकाल या तक्रारीवरचा. करकपातीचा लाभ गिऱ्हाइकाला मिळाला आहे, असे ठरून तक्रार फेटाळली गेली. तरीही विक्रेत्याला हिशेब मांडून दाखवावा लागला, हे महत्त्वाचे. 2025 च्या 22 सप्टेंबरला लहान मोटारी आणि साडेतीनशे सीसीपर्यंतच्या दुचाकी यांच्यावरचा कर 28 वरून 18 टक्क्यांवर आला. घोषणा 3 सप्टेंबरची. मधले अडीच आठवडे गिऱ्हाईकच म्हणू लागले, 'गाडी आत्ता नको, थोडी थांबून द्या.' आकुर्डीच्या जुन्या रांगेतल्या माणसाला हे सांगितले असते, तर त्याचा विश्वास बसला नसता.

आणखी एक. उशीर विक्रेत्याच्या दिरंगाईने झाला असेल, किंवा आपल्या मागून नोंदणी केलेल्याला गाडी आधी दिली असेल, तर त्या काळातल्या वाढीचा भुर्दंड आपण का सोसावा, हा प्रश्न ग्राहक आयोगापुढे मांडता येतो. 2019 च्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करण्याची सोय दिली. गिऱ्हाइकावर अवाजवी अटी लादणारा 'अन्याय्य करार' हीही नवी कल्पना त्याच कायद्यात आली. त्याची तक्रार मात्र राज्य आयोगाकडे करावी लागते. तक्रारीची मुदत दोन वर्षांची. त्यासाठी बुकिंगची पावती, फॉर्मची प्रत आणि डिलिव्हरीची तारीख सांगणारा प्रत्येक संदेश जपून ठेवावा.

मित्रहो, कारखान्याचा खर्च वाढतो, पोलाद महागते, हे या पट्ट्यात राहणाऱ्याला कुणी शिकवायला नको. आपलेच भाऊ-मुलगे त्या कारखान्यांत राबतात. पण भाव वाढण्याची जोखीम कुणी घ्यायची, हे बारीक अक्षरांनी ठरू नये. ते वाक्य फॉर्मच्या पहिल्या पानावर, ठळक अक्षरांत आणि मराठीत असावे. ते वाचून ज्याला सही करायची त्याने खुशाल करावी, आणि ज्याला नको त्याला आपले पैसे तिथल्या तिथे परत मिळावेत.