पाव्हणं, गांव कोणतं?

खेड्यांतून आमच्या महाविद्यालयांत येणाऱ्या विद्यार्थ्यांशीं पहिल्या सत्राच्या अखेरीस चार घटका मोकळेपणानें बोलण्याचा आमचा परिपाठ आहे. कांहीं वर्षांपूर्वीं अशाच एका संध्याकाळीं माणदेशांतून आलेला एक मुलगा म्हणाला, “सर, इथं येऊन तीन दिवस झाले तरी मला कुणी नांवसुद्धां विचारलं नव्हतं. रात्री रडू आलं.” त्याच्या शेजारीं बसलेला दुसरा मुलगा हें ऐकून बराच वेळ गप्प राहिला आणि मग हळूच म्हणाला, “मलाही कुणी विचारलं नव्हतं. मला फार बरं वाटलं.” पहिला मुलगा बागाइती असलेल्या घरचा; दुसऱ्याचें घर त्याच तालुक्यांत, पण गांवाबाहेरच्या वस्तींत. शहराचें तेंच मौन एकाला परकेपणा वाटलें आणि दुसऱ्याला सुटका. खेडें आणि शहर यांच्या वागणुकींतील भेदाविषयीं आम्हीं जें कांहीं वाचलें होतें, तें या दोन उत्तरांपुढें अपुरें वाटूं लागलें.

हा भेद लोकांच्या ध्यानांत फार पूर्वींपासून आहे. मात्र त्याचा निवाडा काळाप्रमाणें उलटसुलट झालेला आहे. जुन्या संस्कृत वाङ्मयांत सभ्यता ही नगराची मिरास. वात्स्यायनाच्या कामसूत्रांतील ‘नागरक’ हा कलांत मुरलेला, बोलण्याचालण्यांत चतुर असा पुरुष. उलट साहित्यशास्त्रांत ‘ग्राम्यता’ हा काव्याचा दोष. युरोपांतही तसेंच. लॅटिन भाषेंत नगराला जो शब्द आहे, त्यापासूनच सुसंस्कृत बोलण्याचालण्याचा वाचक शब्द निघाला. आणि इंग्रजींत खलपुरुषाला जो शब्द आहे, तो मुळांत जहागीरदाराच्या कुळाचा वाचक होता. आपला ‘गांवंढळ’ हा शब्दही त्याच टांकसाळींतला. शब्द चलनांत आणणारे लेखणीचे धनी बहुधा शहरांत राहत, म्हणून शब्दांनींही शहराची बाजू घेतली.

पुढें गिरण्यांचा धूर वाढला, गर्दी वाढली आणि शहरांतल्या लेखकांनाच खेड्याची ओढ लागली. खेडूत भोळा, प्रेमळ व अतिथिप्रिय, आणि शहरवासी रुक्ष व आपमतलबी, असा दुसरा निवाडा रूढ झाला. १९०३ सालीं गेओर्ग झिमेल या जर्मन तत्त्वज्ञानें महानगरांतील मनोवृत्तीवर एक निबंध लिहिला. त्याचें म्हणणें असें कीं, महानगरांत माणसाच्या मनावर इतके ठसे इतक्या वेगानें उमटत असतात कीं, अलिप्तपणा हेंच त्याचें चिलखत होऊन बसतें. आणि त्याच अलिप्ततेंतून त्याला छोट्या गांवांत न मिळणारी मोकळीकही लाभते. हा विचार आम्हांस मोलाचा वाटतो, कारण त्यांत दोष किंवा गुण माणसाच्या रक्तांत न शोधतां त्याच्या राहणीच्या व्यवस्थेंत शोधला आहे. आपल्याकडील खेड्याच्या आदरातिथ्याकडेही त्याच नजरेनें पाहिलें पाहिजे.

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयीं १८१९ सालीं अहवाल लिहिला. त्यांत गांवच्या राखणीचें वर्णन आहे. रखवालदारानें रात्रीं गस्त घालावी, गांवांत कोण आलें व कोण गेलें हें पाहावें, परक्या माणसावर नजर ठेवावी, गांवांतील प्रत्येकाची चालचलणूक ठाऊक ठेवावी. चोरी झाली तर चोराचा माग शिवेपर्यंत काढून पुढील गांवाच्या हवालीं करावा. माग जेथें खुंटेल, त्या गांवावर चोरीच्या भरपाईचा बोजा पडे. अशा व्यवस्थेंत अनोळखी पाहुणा ही एका घरची बाब नव्हती. सगळ्या गांवाची जोखीम होती. तेव्हां “पाव्हणं, गांव कोणतं?” हा जो प्रश्न ऐकून आपल्याला आज गहिंवरून येतें, त्याचा एक पाय ओसरीवर असला तरी दुसरा चावडीवर होता. विचारपूस आणि तपासणी या दोघी एकाच घरांत नांदत होत्या.

याचा अर्थ खेड्याची माया खोटी, असा नव्हे. वाटेवर खाणावळी नव्हत्या. उतरावयाचें तें देवळांत, धर्मशाळेंत नाहीं तर कोणाच्या पडवींत. आज आपण ज्याच्या दारीं उतरलों, तो उद्यां बाजाराला, जत्रेला किंवा सोयरीक पाहायला आपल्या गांवीं येणार, ही जाणीव दोन्हीकडे असे. गूळ आणि पाण्याचा तांब्या हा अशा परस्परावलंबनाचा संस्कार होता, आणि पिढ्यान्‌पिढ्या पाळलेला संस्कार शेवटीं स्वभावच होतो. भर उन्हांत कोरडवाहू मुलखांतील एखाद्या म्हातारीनें दोन कोसांवरून आणलेल्या पाण्यांतून आपल्यापुढें तांब्या भरून ठेवावा, याची किंमत नळाखालीं हात धरणाऱ्यांना सहसा कळायची नाहीं.

पण तो तांब्या कोणापुढें येई? येथें दोन प्रवास शेजारीं ठेवून पाहण्यासारखे आहेत. १८५७ सालीं वरसईचे विष्णुभट गोडसे द्रव्यार्जनासाठीं उत्तरेस निघाले. त्यांचा वृत्तांत ‘माझा प्रवास’ या नांवानें १९०७ सालीं प्रसिद्ध झाला. बंडाच्या धुमश्चक्रींत ते सांपडले, लुटलेही गेले. तरीपण अनोळखी मुलखांत त्यांना ठिकठिकाणीं आश्रय आणि दक्षिणा मिळत गेली. त्यांची जात व विद्या हाच त्यांचा परवाना होता. दुसरा प्रवास १९०१ सालचा. साताऱ्याहून भीमराव आंबेडकर हा नऊदहा वर्षांचा मुलगा भावाभाच्यांबरोबर गोरेगांवीं नोकरीस असलेल्या वडिलांना भेटावयास निघाला. मुलें मसूर स्टेशनावर उतरलीं. अंगावर चांगले कपडे होते, म्हणून स्टेशनमास्तरनें प्रथम आस्थेनें चौकशी केली. मुलांच्या तोंडून ‘महार’ हा शब्द निघतांच तो मागें सरला. गाडीवान मिळेना. अखेर दुप्पट भाडें घेऊन एकजण तयार झाला, तोही मुलांनीं गाडी स्वतः हांकावी आणि आपण बरोबर पायीं चालावें या अटीवर. वाटेंत प्यायला पाणी मिळालें नाहीं. जवळ डबा असून मुलें उपाशीं निजलीं. हा प्रसंग डॉ. आंबेडकरांनीं पुढें आपल्या आठवणींत लिहून ठेवला आहे.

दोन्ही ठिकाणीं प्रश्न एकच होता. “गांव कोणतं?” या पहिल्या प्रश्नामागून “नांव काय?” येई आणि मग “कुणापैकीं?” हा तिसरा. पहिल्या दोन प्रश्नांत जिव्हाळा असे. तिसऱ्याच्या उत्तरावर तो राहणार कीं आटणार हें ठरे. आणि या सगळ्यांतील विपर्यास असा कीं, वेशीवर उभें राहून परक्याला हटकण्याचें काम गांवानें मुख्यतः ज्या महारांवर सोंपविलें होतें, त्यांनाच वेशीच्या आंत घर नव्हतें. ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं घटना समितींत बोलतांना डॉ. आंबेडकरांनीं खेड्याच्या गौरवावर जो कठोर प्रहार केला, तो अनेक सुशिक्षितांना झोंबला. मसूरची ती वाट आठवली म्हणजे त्या कठोरपणाचें मूळ कळतें.

आतां शहर पाहूं. १६ एप्रिल १८५३ रोजीं मुंबईहून ठाण्यास आगगाडी गेली. १८५४ सालीं कावसजी दावर यांनीं मुंबईंत पहिल्या कापडगिरणीची उभारणी आरंभिली. १८६४ सालच्या शिरगणतींत शहराची वस्ती ८,१६,५६२ भरली. १९२१ सालीं ती ११,७५,९१४ होती, आणि त्यांतील बहुतेक माणसें शहराबाहेर जन्मलेलीं होतीं. अशा ठिकाणीं प्रत्येकाला “गांव कोणतं?” म्हणून विचारणारा येसकर आणायचा कोठून? तिसऱ्या वर्गाच्या डब्यांत खांद्याला खांदा लागे, तेथें शेजाऱ्याची जात विचारण्यास सवड नसे आणि विचारून उपयोगही नसे. शहरानें प्रश्न विचारणें सोडलें तें उदारपणानें नव्हे. गर्दीनें त्याला तें सोडावयास लावलें. पण त्या न विचारण्याच्या सांवलींत हजारों माणसांना प्रथमच मान वर करून चालतां आलें.

तरी शहर म्हणजे केवळ मोकळीक, असेंही नाहीं. माणसें गांव सोडून आलीं, पण गांव त्यांच्या वळकटींतून आलाच. रत्नागिरीचे आणि घाटावरचे गिरणीकामगार एकेका खोलींत गांवानें व नात्यानें राहत. गोमंतकीयांनीं ‘कूड’ म्हणून ओळखलीं जाणारीं गांववार वसतिस्थानें मुंबईंत उभारलीं. नवख्याला भाकरी, जागा आणि नोकरीची ओळख तेथेंच मिळे. आणि जो गांवचा नव्हे, त्याला दारही तेथेंच बंद असे. १९१७ सालीं परदेशांतून शिकून आलेल्या आंबेडकरांना बडोद्यासारख्या शहरांत पारशांच्या उतारगृहांतून लाठ्या घेऊन आलेल्या जमावानें बाहेर काढलें. त्या दिवशीं त्या शहरांत त्यांना कोणी आसरा दिला नाहीं. म्हणजे तिसरा प्रश्न शहरांत मेला नव्हता. गर्दींत त्याचा आवाज बुडाला होता एवढेंच.

आणि खेड्यांतला चावडीचा पायही जागेवरच आहे. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला तेव्हां लाखों माणसें गांवाकडे पळालीं, आणि स्टेशनास्टेशनांवर उतारूंची तपासणी सुरू झाली. २०२० सालीं करोनाची सांथ आली तेव्हां महाराष्ट्रांत कित्येक गांवांनीं रस्त्यावर कांटे टाकले, गांवबंदीचे फलक लावले. गणपतीला ज्यांची वाट पाहावयाची त्या चाकरमान्यांना कोंकणांत गांवच्या शाळेंत वेगळें राहावें लागलें. त्याला निव्वळ निष्ठुरता म्हणतां येणार नाहीं. जवळ दवाखाना नसलेल्या गांवाला राखणीची जुनी रीत आठवली. त्याच दिवसांत शहरांतून पायीं निघालेल्या मजुरांना हमरस्त्यावरच्या गांवकऱ्यांनीं भाकरी आणि पाणीही दिलें. एकाच मातींतून हीं दोन्ही कृत्यें उगवलीं.

म्हणून खेडें प्रेमळ कीं शहर सभ्य, हा वाद आम्हांस व्यर्थ वाटतो. आम्हांस विचारावयाचें तें एवढेंच कीं, आपल्या चालीरीतींत आधीं काय येतें, पाणी कीं प्रश्न? १८६८ सालीं जोतीराव फुल्यांनीं पुण्यांत आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तेव्हां त्यांनीं नवा धर्म सांगितला नाहीं. दारीं आलेल्याला पाणी द्यावें हा जुनाच धर्म त्यांनीं तिसरा प्रश्न गाळून पाळला. खेड्याजवळ पाणी आहे, पण प्रश्न आवरत नाहीं. शहरानें प्रश्न आवरला, पण त्याबरोबर तांब्याही आंत नेऊन ठेवला.

त्या संध्याकाळनंतर आम्हीं एक लहानसा नियम स्वतःला घालून घेतला आहे. नवा विद्यार्थी भेटीस आला कीं, आधीं त्याला बसायला सांगावयाचें, पाणी द्यावयाचें, जेवणाची व राहण्याची सोय झाली कीं नाहीं तें विचारावयाचें. गांव, नांव त्याला सांगावेंसें वाटेल तेव्हां तो सांगतो. माणदेशच्या त्या पहिल्या मुलाला तेंच हवें होतें. आणि दुसऱ्यानें, वर्ष संपतां संपतां, आम्हीं न विचारतां आपल्या गांवाचें नांव सांगितलें.