बूच आणि पेशी

वाइनला हवा लागत राहिली की जिवाणू तिचे व्हिनेगर करतात. त्यामुळे भांड्याचे तोंड कशाने बंद करावे, हा प्रश्न वाइनइतकाच जुना आहे. प्राचीन इजिप्तमध्ये रांजणांची तोंडे चिखलाने लिंपत. रोमन लोक मातीच्या उभट कुंभांना बूच बसवून त्यावर राळ किंवा चुना लावत. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जाड, मजबूत काचेच्या बाटल्या होऊ लागल्या आणि त्यांना कॉर्क-ओक वृक्षाच्या सालीचे बूच रूढ झाले.

हे बूच दाबले की आकसते, सोडले की पुन्हा फुगून बाटलीच्या तोंडात घट्ट बसते. असे का? १६६५ मध्ये रॉबर्ट हूकने याच सालीचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्याला हवेने भरलेले असंख्य कप्पे दिसले. त्यांना त्याने ‘सेल’ म्हटले. सालीचा हलकेपणा आणि लवचीकपणा या कप्प्यांमुळेच आहे, हेही त्याने ओळखले.

मात्र सालीत बुरशी आणि क्लोरीनयुक्त संयुगे एकत्र आली, तर ट्रायक्लोरोअ‍ॅनिसोल तयार होते. लिटरमागे त्याचे काही नॅनोग्रॅमही वाइनला कुबट वास आणतात. म्हणून २००० साली ऑस्ट्रेलियातील क्लेअर खोऱ्यातल्या अनेक उत्पादकांनी आपल्या रीसलिंग वाइनला अ‍ॅल्युमिनिअमची आट्यांची झाकणे लावली.

पेशीचा धडा शिकवताना एक जुने बूच वर्गात जरूर न्यावे. मुलांनी ते बोटांनी दाबून पाहावे. हूकचे कप्पे तिथेच आहेत.