यवतची पिठलं-भाकरी

यवतची पिठलं-भाकरी : पंढरपूरला जाणाऱ्या संत तुकाराम महाराजांच्या पालखीचा मुक्काम दौंड तालुक्यातील यवत येथे पडतो, त्या संध्याकाळी ग्रामस्थ वारकऱ्यांना देतात ते सामुदायिक जेवण. पालखी काळभैरवनाथाच्या मंदिरात विसावते. पिठले मंदिरापाशी मोठ्या कढयांत शिजते, भाकरी गावातल्या घराघरांतून येते. या सेवेला अध्यक्ष नाही, बिल्ला नाही, वार्षिक वर्गणीही नाही, तरी वारीच्या वाटेवर तिचे नाव पक्के झाले आहे.

लोणी काळभोर ते यवत ही सुमारे २५ किलोमीटरची मजल म्हणजे पायांची परीक्षा. उरुळी कांचनला दुपारचा विसावा होतो. पुढे पुणे-सोलापूर महामार्गाने सोहळा हवेली तालुक्याची हद्द ओलांडतो आणि बोरीभडक, कासुर्डीचे शिवार मागे टाकत यवतला पोहोचतो. कवडीपाट ते कासुर्डी या चौपदरी पट्ट्यामुळे कासुर्डीचे नाव वाहनचालकांना टोलनाक्यासाठी ठाऊक झाले होते. वारकऱ्याला मात्र इथून पुढे मुक्काम जवळ आल्याची खूण पटते. सावली कमी, डांबर तापलेले किंवा आभाळ फुटलेले, शेजारून मालमोटारी चाललेल्या, अशा अवस्थेत चाललेल्या माणसाला संध्याकाळी काय खावेसे वाटेल, याचा विचार यवतच्या बेतामागे आहे. पुण्यातल्या दोन दिवसांच्या मुक्कामात शिरा, बुंदी, गोडधोड भरपूर होते. त्यावर तिखट पिठले आणि गरम भाकरी उतारा म्हणूनच पडते.

बेतामागचा व्यवहारही पाहण्यासारखा आहे. पिठल्याला दूध लागत नाही, भाज्यांचे ढीग निवडावे लागत नाहीत. हरभरा डाळीचे पीठ, कांदा, मिरची, लसूण, हळद, मीठ आणि तेल आधीच साठवून ठेवता येते. पावसाळ्याच्या तोंडाशी ही मोठी सोय. शिवाय पिठले कढई वाढवली की वाढते. दहा माणसांचे आणि हजार माणसांचे तंत्र एकच, फक्त गुठळ्या होऊ न देणारे दंड हवेत. भाकरीचे तसे नाही. ती एकेक थापावी लागते, एकेक भाजावी लागते, आणि हजारो भाकरी एका जागी करायच्या म्हटले तर तेवढे तवे आणि तेवढे हात आणायचे कुठून? गावाने हा प्रश्न कामाची वाटणी करून सोडवला आहे. जे एकत्र करण्याजोगे ते देवळात, जे हातानेच व्हायचे ते घरोघरच्या चुलीवर किंवा गॅसवर. प्रत्येक घर आपल्या नेमापेक्षा थोडे जास्त पीठ मळते आणि भाकऱ्या फडक्यात बांधून देवळाकडे जातात. खरा भार बायकांवर असतो. बातम्यांतील छायाचित्रांत मात्र कढईत उलथने फिरवणारे पुरुष जास्त दिसतात.

या जेवणाची गरज कोणाला, हे दिंडीची रचना पाहिल्यावर कळते. पालखीच्या रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांना क्रमांक दिलेले असतात. मोठ्या दिंडीचा स्वतःचा ट्रक, पाल, पाण्याचा टँकर आणि स्वयंपाकी असतात. वारकरी भिशी, म्हणजे दिंडीची ठरलेली वर्गणी, भरतो आणि दोन्ही वेळचे जेवण दिंडीत घेतो. पण सोहळ्यात मोकळे चालणारेही असंख्य. कोणी भिशी परवडत नाही म्हणून, कोणी दोन-चार मजलाच चालायचे म्हणून, कोणी एकटाच घराबाहेर पडलेला. त्यांचे पोट गावांच्या पंगतीवर असते. पंगतीत पास, क्रमांक किंवा ओळखपत्र विचारत नाहीत. दिंडीतला वारकरीही चवीसाठी येऊन बसतो.

ही पंगत ज्या सोहळ्यासाठी मांडली जाते, तो पालखी सोहळा तुकोबांचे धाकटे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये सुरू केला. ज्ञानेश्वर आणि तुकाराम यांच्या पादुका तेव्हा एकत्र नेल्या जात. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी ज्ञानेश्वरांच्या पालखीचा स्वतंत्र सोहळा उभा केला. आज दोन्ही पालख्या पुण्यातून एकाच दिवशी निघतात आणि हडपसरला वेगळ्या होतात : माऊली दिवे घाटाने सासवडला, तुकोबा लोणी काळभोरला.

वारीमार्गावर गावांच्या पंगतींबरोबर रोटरी, लायन्ससारख्या आधुनिक सेवासंस्थाही असतात. रोटरीची सुरुवात १९०५ मध्ये शिकागोत झाली, लायन्सची १९१७ मध्ये. वारीत अशा क्लबांचे काम बहुधा वैद्यकीय तपासणी, औषधे, रेनकोट यांचे असते. दोन्ही संघटनांचे वर्ष १ जुलैला बदलते, म्हणजे पालखी वाटेवर असतानाच किंवा त्याच्या आगेमागे. त्यामुळे एकाच वारीच्या मांडवावर कधी मावळत्या अध्यक्षांचे नाव, कधी नव्यांचे. गंमत सोडली तरी ही मदत लहान नव्हे. पायाचे फोड, उलट्या-जुलाब आणि रक्तदाब यांवर पिठले चालत नाही. शासनाची आरोग्य पथके, फिरती शौचालये, तसेच पत्रावळ्या वाटणारे आणि कचरा उचलणारे राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी यांचीही त्यात भर पडते. नाभिक बांधव दाढी-केस करून देतात, चर्मकार वहाणा शिवून देतात. ज्याच्या हातात जी कला, तीच त्याची सेवा. यवतच्या भाकरीचा हिशोबही तोच आहे.

या पट्ट्याला सेवेच्या कामाची ओळख वारीपुरती नाही. यवतच्या पुढे केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशन उभारले आणि १८९० च्या दशकाअखेरच्या दुष्काळात निराधार मुली व स्त्रियांना आसरा दिला. यवतच्या अलीकडे, उरुळी कांचनला, १९४६ मध्ये गांधीजींच्या प्रेरणेने निसर्गोपचार आश्रम सुरू झाला. त्यांचे सहकारी मणिभाई देसाई तेथेच राहिले, १९६७ मध्ये त्यांनी ‘बाएफ’ ही संस्था स्थापली आणि १९८२ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ही दोन्ही कामे नेतृत्वावर, निधीवर आणि कायम यंत्रणेवर उभी राहिली. यवतची पंगत एका संध्याकाळपुरती असते आणि घराघरांतल्या सवयीवर चालते. त्यामुळे तिच्यात दुष्काळ किंवा रोग निवारण्याची ताकद नाही, आणि तशी अपेक्षाही कोणी करत नाही.

कोरोनामुळे २०२० आणि २०२१ मध्ये पायी वारी झाली नाही. पादुका एसटी बसने पंढरपूरला गेल्या, त्यामुळे यवतचा मुक्कामही नव्हता. पायी सोहळा २०२२ मध्ये पूर्ववत झाला. दरम्यान पाटसपासून बारामतीमार्गे तोंडले-बोंडलेपर्यंतच्या सुमारे १३० किलोमीटरच्या संत तुकाराम महाराज पालखी मार्गाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली.

यवतहून पालखी वरवंडला जाते आणि पाटस सोडल्यावर रोटी घाट चढते. उंडवडी गवळ्याची, बारामती असे मुक्काम करीत ती काटेवाडीत येते, तेव्हा परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो आणि रथाभोवती मेंढ्यांचे रिंगण होते.