कातडे सिंहाचे, वाणी वानराची

पंचतंत्रातल्या शुद्धपट परटाचे गाढव चाऱ्यावाचून खंगले होते. रानात परटाला मेलेला वाघ सापडला. त्याचे कातडे तो रात्री गाढवावर घाली आणि गाढवाला लोकांच्या जवाच्या शेतात सोडून देई. वाघ समजून राखणदार जवळ फिरकत नसत. एके रात्री दुरून गाढवीचा आवाज आला, हेही ओरडले आणि राखणदारांच्या मारापायी जिवाला मुकले. जैन पंडित पूर्णभद्राने ११९९ मध्ये सिद्ध केलेल्या पाठात ही कथा ‘लब्धप्रणाश’ तंत्रात येते. पाली ‘सीहचम्म’ जातकात परटाच्या जागी फिरता व्यापारी आहे आणि कातडे सिंहाचे. तिथे शंख-ढोल वाजवत चालून आलेल्या गावकऱ्यांना घाबरून गाढव ओरडते. दोन्हीकडे कातडे मालकाने चढवले आणि मार गाढवाने खाल्ला. इसापाच्या ग्रीक परंपरेत मात्र गाढव ते आपणहून पांघरते, त्यामुळे दोषही त्याचाच ठरतो. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८२८ मध्ये इसापनीती मराठीत आणली आणि पुढे मराठी मुलांच्या वाचनात वाघाच्या कातड्याशेजारी सिंहाचे कातडेही येऊन बसले.

या कथेला शेतातून देवळाच्या दारी येताना पाहायचे, तर आपण इ. स. दुसऱ्या शतकातल्या ल्यूशियन या ग्रीक उपहासकाराकडे जाऊ. तत्त्वज्ञाचे सोंग घेणाऱ्यांची खिल्ली उडवताना त्याने क्यूमे नगरीतले सिंहाचे कातडे पांघरलेले गाढव आठवले. तिथल्या लोकांनी सिंह कधी पाहिलाच नव्हता, म्हणून ते घाबरले; सिंह आणि गाढव दोन्ही पाहिलेल्या एका परक्या माणसाने ते सोंग उघडे पाडले. याच ल्यूशियनने अबोनोटिकसच्या अलेक्झांडर या भोंदूची कहाणीही लिहून ठेवली. हा अलेक्झांडर अंधाऱ्या खोलीत मांडीवर मोठा पाळीव साप घेऊन बसे. सापाचे खरे डोके काखेत दडवलेले आणि बाहेर कापडाचे, माणसासारखे रंगवलेले डोके. दर्शनाला आलेल्यांना नीट पाहू न देता पुढे ढकलले जाई. देव बोलायचा झाला, तर करकोच्यांच्या श्वासनलिका जोडून केलेल्या नळीतून बाहेरचा माणूस बोले. अपुरा उजेड, घाईचे दर्शन आणि दुसऱ्याच्या तोंडून निघणारी देववाणी, ही भोंदूगिरीची तीन साधने तेव्हाच तयार होती.

त्याच सुमारास ख्रिस्ती कल्पनेत जगाच्या अंताशी फसवणुकीची गाठ पडत होती. नव्या करारातल्या ‘प्रकटीकरण’ या शेवटच्या पुस्तकात कोकरासारखी शिंगे असलेला आणि अजगरासारखा बोलणारा पशू येतो, मूर्तीला बोलती करतो आणि लोकांना नादी लावतो. इ. स. ९५०च्या सुमारास आड्सो या मठवासीयाने गेरबेर्गा राणीसाठी जगाच्या अंती येणाऱ्या ख्रिस्तविरोधकाचे, म्हणजे तोतया ख्रिस्ताचे, चरित्रच लिहिले, तेही संतचरित्राच्या घाटात. पुढे इटलीतल्या ओर्व्हिएतो इथल्या कॅथेड्रलमध्ये लुका सिन्योरेल्लीने १४९९ ते १५०४ या काळात भित्तिचित्रे रंगवली. तिथला ख्रिस्तविरोधक चेहऱ्याने हुबेहूब ख्रिस्तासारखा आहे. त्याला खेटून उभा असलेला सैतान कानात कुजबुजतो आहे, आणि अंगरख्याबाहेर आलेला हात दोघांपैकी कोणाचा हे चटकन कळत नाही. मध्ययुगीन धर्मवाङ्मयात सैतानाला देवाची नक्कल करणारा वानरही म्हणत.

या सगळ्या वाटा १९५६ मध्ये मुलांच्या एका पुस्तकात एकत्र आल्या. मध्ययुगीन आणि प्रबोधनकालीन वाङ्मयाचे प्राध्यापक सी. एस. लुईस यांनी १९५० पासून चालवलेल्या नार्निया-मालेतले ‘द लास्ट बॅटल’ हे सातवे आणि शेवटचे पुस्तक; त्याला त्या वर्षीचे कार्नेगी पदकही मिळाले. शिफ्ट नावाच्या धूर्त वानराला डोहात वाहून आलेले सिंहाचे कातडे मिळते. ते तो पझल या भोळ्या गाढवावर चढवतो आणि नार्नियाचा सिंहरूपी देव अस्लान परतल्याची हाकाटी पिटतो. दर्शन फक्त रात्री, शेकोटीच्या उजेडात, तबेल्याच्या दारात, क्षणभर. जुन्या कथेत गाढवाला त्याचा आवाज नडला होता; लुईसच्या वानराने ती फटच बुजवली. अस्लान तुमच्याशी बोलणार नाही, त्याच्या वतीने मीच बोलेन, असे त्याने जाहीर केले. अस्लान कोणाच्या दावणीला बांधलेला नाही, ही श्रद्धावंतांची पिढ्यान्‌पिढ्यांची शिकवण. झाडे तोडली, प्राणी गुलाम म्हणून विकले, तरी हीच शिकवण शंका घेणाऱ्यांची तोंडे बंद करायला कामी आली. फसवणूक फोफावली ती खऱ्या श्रद्धेच्याच खतपाण्यावर.

पंचतंत्र आणि इसाप जिथे थांबतात, तिथून लुईस पुढे जातात. नार्नियाचा राजा टिरियन गाढवाला सोडवून तिथल्या बुटक्यांना पुरावा दाखवतो, पण ते एकदा फसलेले. आता खऱ्या अस्लानवरही विश्वास ठेवायला तयार नाहीत. इकडे वानराची टोळी आपणच सांगू लागते की एक गाढव सिंहाचे कातडे पांघरून हिंडते आहे, सावध राहा. अर्धे सत्य आधीच वापरले गेल्याने टिरियनचा पुरावा निकामी होतो. शेवटी अस्लान समोर मेजवानी मांडतो, तेव्हाही बुटक्यांच्या जिभेला गवत आणि शिळा सलगमच लागतो. याउलट परक्या टॅश देवाला आयुष्यभर निष्ठेने भजलेल्या एका तरुण सैनिकाची सेवा अस्लान आपलीच म्हणून स्वीकारतो. आणि पझल? परटाचे गाढव जिवानिशी गेले. हे मात्र अस्लानच्या राज्यात सामावले जाते.

आपल्या काळात कातडे ओढून काढणारे पुष्कळ आहेत, आणि ते असायलाच हवेत. पण या कथेचा लांबचा प्रवास पाहिला की जाणवते, राखणदारांची काठी फक्त सोंग संपवते. त्यानंतर फसलेल्यांचा विश्वास पुन्हा कसा उभा करायचा, हा प्रश्न परटाच्या शेतात कोणी विचारलाच नव्हता. तो मुलांपुढे इतक्या स्पष्टपणे ठेवण्याचे श्रेय या पुस्तकाला द्यावे लागेल, आणि बुटक्यांच्या बाबतीत त्याचे उत्तर खुद्द अस्लानलाही देता आले नाही, हे लपवले नाही म्हणून ते अधिकच.