क्षयाचा जंतू : शरीरात दडून बसणाऱ्या शत्रूचा इतिहास

क्षय हे नाव निघाले की घरातला आवाज आपोआप खाली येतो. आयुर्वेदाने या रोगाला राजयक्ष्मा म्हटले; आपल्या उर्दू बोलणाऱ्या घरांतील वडीलधारी माणसे त्याला तपेदिक म्हणत. नावे निराळी असली तरी दुःख एकच होते. त्यात एक कोडेही होते. बरा झालेला माणूस पुष्कळ वर्षांनी पुन्हा त्याच रोगाने का आजारी पडतो? या कोड्याचे उत्तर शोधण्याचा इतिहास प्रत्येक पालकाने व विद्यार्थ्याने जाणून घेण्याजोगा आहे.

इ. स. १०३७ मध्ये निधन पावलेले थोर हकीम इब्न सीना यांनी आपल्या ‘अल कानून फित्तिब’ या ग्रंथात क्षय एकापासून दुसऱ्यास जडतो असे मत नोंदवले होते. मात्र प्रत्यक्ष जंतू दिसायला आठशेहून अधिक वर्षे जावी लागली. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधल्याचे जाहीर केले. कारण कळले, पण औषध नव्हते. अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळवून परतलेल्या आपल्या आनंदीबाई जोशी २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने गेल्या. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. स्वतः डॉक्टर असलेल्या या मुलीला वाचवणारे औषध तेव्हा जगात कोठेच नव्हते.

त्या काळी स्वच्छ हवा, विश्रांती आणि सकस आहार हाच इलाज होता. पाचगणीला, मिरजेजवळच्या वानलेसवाडीला आरोग्यधामे उभी राहिली. तेथे कित्येकांचा ताप उतरे, वजन वाढे, ते आनंदाने घरी येत. पुढे त्यांपैकी काहींना पुन्हा खोकला सुरू होई. जंतू मेलेला नसून दडलेला होता, हे त्याचे कारण.

हा जंतू दडतो तरी कसा? रोग्याच्या खोकल्यातून तो हवेत येतो आणि श्वासाबरोबर फुप्फुसात शिरतो. तेथील भक्षक पेशी त्याला गिळतात. इतर बहुतेक जंतू पेशीतील पाचक रसाने नष्ट होतात. क्षयाच्या जंतूभोवती मात्र मेणासारखे जाड आवरण असते, आणि पाचक रसाची पिशवी आपल्यापर्यंत पोहोचू न देण्याची युक्ती त्याला साधते. लंडनच्या शास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये ही गोष्ट सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिली. म्हणजे ज्या पहारेकऱ्याने चोराला पकडायचे, त्याच्याच खोलीत चोर मुक्काम करतो!

मग शरीर दुसरा उपाय करते. पेशींचा वेढा घालून जंतूंभोवती बारीक गाठ तयार करते. तिच्या आत प्राणवायू कमी होतो. एरवीही हा जंतू सावकाश वाढणारा. एकाचे दोन व्हायला सुमारे वीस तास लागतात. प्राणवायू आटला की तो वाढच थांबवतो, साठवलेल्या चरबीवर गुजराण करतो आणि वाट पाहत राहतो. या काळात माणसाला ताप नसतो, खोकला नसतो आणि त्याच्यापासून दुसऱ्याला लागणही होत नाही.

ही वाट किती काळ पाहिली जाते? डेन्मार्कमध्ये १९६१ साली एका रोग्याचे जंतू जपून ठेवले होते. तेहतीस वर्षांनी त्याच्या मुलाला क्षय झाला. दोघांच्या जंतूंची आनुवंशिक खूण तंतोतंत जुळली. २००२ साली हा पुरावा प्रसिद्ध झाला.

औषधांचा इतिहासही या झोपेभोवतीच फिरतो. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडले, १९५२ मध्ये आयसोनियाझिड वापरात आले. १९५६ साली मद्रासला सुरू झालेल्या केंद्राने दाखवून दिले की, नियमित औषध घेतले तर घरी राहणारा गरीब रोगीही आरोग्यधामातील रोग्याइतकाच बरा होतो. तरीही वर्ष-दीड वर्ष गोळ्या घ्याव्या लागत. जागे जंतू लवकर मरतात, सुस्त जंतू टिकून राहतात. त्यांनाही मारणारे रिफाम्पिसिन आल्यावर साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांवर आला. दोन महिन्यांत बरे वाटते. उरलेले चार महिने दडलेल्यांसाठी असतात. मध्येच गोळ्या सोडल्या तर रोग उलटतो, आणि काही वेळा औषधाला न जुमानणारे जंतू तयार होतात.

जगातील सुमारे एक चतुर्थांश लोकांना या जंतूची लागण झालेली आहे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यांपैकी शंभरात पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी रोग होतो. कुपोषण, मधुमेह, एचआयव्ही, धूम्रपान यांनी शरीराचा पहारा ढिला पडला की जंतू जागा होतो. आपल्या नाशिक जिल्ह्याने याचा विशेष विचार करावा. मालेगावच्या यंत्रमागांजवळच्या दाटीच्या वस्त्यांत एकेका खोलीत मोठी कुटुंबे राहतात, आणि सिन्नरची विडी तर दूरवर प्रसिद्ध आहे. खिडकी उघडी ठेवणे आणि विडी सोडणे हेही क्षयाविरुद्धचे उपचारच आहेत.

पालकहो, मुलीचे लग्न अडेल या भीतीने खोकला लपवू नका. दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिला तर थुंकीची तपासणी करा; सरकारी दवाखान्यात तपासणी व औषधे मोफत आहेत. घरात रोगी असेल तर लहान मुलांसह सर्वांना दाखवा. झोपलेल्या जंतूला तेथेच संपवणारे प्रतिबंधक औषधही आता मिळते. इलाज करून घेणे ही आपल्या पैगंबरांचीच शिकवण आहे.

विद्यार्थी मित्रांनो, घरात कोणी गोळ्या घेत असेल तर त्याचा हिशेब तुम्ही ठेवा. शेवटची गोळी घेतली जाईपर्यंत कॅलेंडरवर रोज एक खूण करा. आनंदीबाईंना जे मिळाले नाही ते आज आपल्या गल्लीतल्या दवाखान्यात आहे. ते अर्धवट टाकू नका.