रक्तविक्रयाचा अस्त

दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत कोलकात्यास रक्तपेढी उभी राहिली आणि पुढे शहरोशहरी तिचे अनुकरण झाले, तेव्हा रोग्यांना जीवदान देणाऱ्या या व्यवस्थेच्या आश्रयाने रक्त विकून पोट भरण्याचा एक करुण धंदाही आपल्याकडे रुजला. विक्रेत्याच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब मोरचुदाच्या निळ्या द्रावणात सोडीत. तो बुडाला तर रक्त घेण्याजोगे, तरंगला तर माणूस रक्तक्षीण म्हणून परत. परंतु ज्याची चूल त्याच पैशांवर पेटावयाची, तो एका पेढीतून परतला तरी दुसरीच्या दाराशी उभा राही, आणि दप्तरी नाव निराळे सांगे.

१९८६ साली मद्रासेत सुनीती सॉलोमन आणि सेल्लप्पन निर्मला यांच्या तपासणीतून एचआयव्ही या देशात आल्याचे उघड झाले, आणि १९८९ साली रक्तद्रव विकणाऱ्या पुण्यातील लोकांत ही लागण पसरल्याचे वृत्त ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. रक्तद्रव काढून घेऊन तांबड्या पेशी शरीरात परत सोडतात, त्यामुळे माणूस थोड्याच दिवसांत पुन्हा विक्रीस येऊ शकतो. पण या परतीच्या वाटेवर निर्जंतुकतेत हयगय झाली, तर एकाची लागण दुसऱ्यास होते. विक्रेत्याला रोगाचा वाहक म्हणून दूषणे देणाऱ्या समाजाने, तो त्या धंद्याचा पहिला बळी होता, हे ध्यानात घेतले नाही, याचे मला आजही वैषम्य वाटते.

१९८९ सालीच सरकारने दान केलेल्या रक्ताची एचआयव्ही तपासणी सक्तीची केली. परंतु ती चाचणी शरीरात तयार होणारी प्रतिपिंडे शोधणारी. लागणीनंतर ती निर्माण होईपर्यंतच्या काही आठवड्यांत दूषित रक्तही निर्दोष ठरे, आणि त्या मुदतीत सारी भिस्त दात्याच्या खऱ्या बोलण्यावर असे. ज्याला खरे बोलण्याने त्या दिवसाची भाकर गमवावी लागते, त्याच्याकडून ती अपेक्षा कशी बाळगावी?

‘कॉमन कॉज’ संस्थेच्या याचिकेवर ४ जानेवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनापरवाना पेढ्या बंद करण्याचा आणि दोन वर्षांत व्यावसायिक रक्तदानाची प्रथा मोडून काढण्याचा हुकूम दिला. त्यानुसार १ जानेवारी १९९८ पासून या विक्रीस मनाई झाली. तरीही रोग्याच्या आप्तांकडून बदली रक्त मागण्याची वहिवाट उरलीच, आणि तिच्या आडोशाने विक्रेता ‘नातेवाईक’ बनून आत शिरू लागला. म्हणूनच २००२ च्या राष्ट्रीय रक्तधोरणाने स्वेच्छेने, विनामोबदला होणाऱ्या दानावर भर देऊन ही बदलीची पद्धतही क्रमाने बंद करण्याचे ठरविले.