वर्धा आणि चहा : ग्रामोद्योग विचारातील एका पेयाची चिकित्सा

प्रस्तावना

चहाचा इतिहास बहुधा तो पिकविणाऱ्या प्रदेशांच्या अनुषंगाने लिहिला जातो. तैवानमधील उंच पर्वतीय उलाँग चहा हे त्याचे ठळक उदाहरण होय. १००० मीटरपेक्षा अधिक उंचीवरील धुके व थंड हवा यांमुळे पानांची वाढ मंदावते, ती अंशतःच आंबविली जातात आणि आलिशान, लीशान ही स्थलनामेच मालाची ओळख ठरतात. वर्धा जिल्ह्याची स्थिती याच्या उलट आहे. काळी कापसाची जमीन आणि ४५ अंशांपलीकडे जाणारा उन्हाळा यांत चहाचे झुडूप तगत नाही. तथापि, हे पेय कोणाच्या श्रमातून येते व ते का प्यावे, हे प्रश्न येथेच गांभीर्याने विचारले गेले.

मळा आणि मजूर

आसाममधील मळ्यांसाठी छोटा नागपूर, ओरिसा व मध्य प्रांत येथून मजूर नेले जात. १८५९ च्या कायद्याने करारभंग दंडनीय ठरविला, तर १८८२ च्या कायद्यातही पळालेल्या मजुरास पकडण्याचा मळेवाल्यांचा अधिकार कायम राहिला. मे १९२१ मध्ये चारगोला खोऱ्यातील हजारो मजूर गांधीजींचा जयजयकार करीत मळे सोडून निघाले. चांदपूर स्थानकावर गुरखा सैनिकांनी त्यांच्यावर हल्ला केला.

दुसरीकडे, १९०३ च्या कायद्यान्वये निर्यातीवर उपकर बसवून चहाच्या प्रचारासाठी निधी उभा करण्यात आला. १९३० च्या दशकातील मंदीत परदेशी मागणी घटल्यावर या प्रचाराचा रोख देशी ग्राहकाकडे अधिक वळला.

मगनवाडी व सेवाग्राम

याच दशकात, डिसेंबर १९३४ मध्ये, वर्धा येथे अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखाली घाणीचे तेल, हातकुटीचा तांदूळ, ताडगूळ, मधमाशीपालन यांचे प्रयोग चालले. वस्तू विकत घेणारा तिच्या उत्पादनातील अन्यायाचाही वाटेकरी होतो, हा कुमारप्पांचा सिद्धान्त होता. तो स्पष्ट करण्यासाठी त्यांनी कोकोच्या डब्याचे उदाहरण घेतले. तोच निकष चहाच्या पेल्यासही लागू पडतो.

गांधीजींच्या भूमिकेत मात्र कालांतराने भर बदललेला दिसतो. दक्षिण आफ्रिकेत १९१३ मध्ये लिहिलेल्या आरोग्यविषयक लेखमालेत त्यांनी चहा, कॉफी व कोकोच्या मळ्यांवरील गिरमिटिया मजुरीचा निषेध केला होता. १९३६ पासून सेगाव, म्हणजे पुढील सेवाग्राम, येथे वास्तव्य केल्यानंतर १९४२ मध्ये आगाखान पॅलेसमधील बंदिवासात त्यांनी ‘आरोग्याची किल्ली’ लिहिली. तीत भर टॅनिनच्या दुष्परिणामांवर आहे. तरीही त्यांचा निषेध सरसकट नाही. गाळणीत पाने ठेवून त्यांवर उकळते पाणी ओतावे व गवताच्या काडीसारखा फिकट रंग येऊ द्यावा, ही रीत त्यांनी मान्य केली आहे. पर्याय म्हणून गरम पाणी, मध व लिंबू सुचविले आहे.

परिणामांची मीमांसा

येथे एक विसंगती लक्षात येते. गांधीजींना चालणारा फिकट चहा उलाँगच्या जातकुळीस जवळचा आहे. विदर्भात रुजला तो मात्र दूध-साखर घालून उकळलेला कडक चहा. १९३० च्या दशकात आसाममध्ये विकसित झालेल्या दाणेदार चहाच्या यंत्रपद्धतीने पुढे तो स्वस्त व सर्वत्र सुलभ केला. थोड्या पुडीत अधिक पेले होत असल्याने तो शेतमजुरासही परवडला. श्रमानंतर तत्काळ तरतरी देणाऱ्या या पेयापुढे ग्रामोद्योगी पर्याय टिकले नाहीत. आरोग्याचा युक्तिवाद सवयीपुढे हरला आणि त्याच्या आड श्रमाचा युक्तिवादही विस्मरणात गेला.

निष्कर्ष

हे विस्मरण वर्ध्याच्या दृष्टीने अधिक खेदजनक आहे. हिंगणघाटचा कापूस एकोणिसाव्या शतकात दूरच्या गिरण्यांसाठी पिकत होता आणि त्याचा भाव शेतकऱ्याच्या हाती नव्हता. आसामच्या मळ्यातील मजूर व वर्ध्याचा कापूस उत्पादक यांची कायदेशीर स्थिती भिन्न असली, तरी दूरच्या बाजारपेठेवरील अवलंबित्व समान होते. मगनवाडीच्या विचाराचे मोल चहाबंदीच्या आग्रहात नाही. पेल्यापलीकडचा माणूस पाहण्याची जी दृष्टी तेथे घडली, तिच्यात ते आहे. चहा जिंकला, म्हणून तो प्रश्न निकालात निघाला असे म्हणता येत नाही.